अर्ज लिहायला कोण शिकवणार?

‘लहानपणापासूनच मला संगणकाची प्रचंड आवड होती.’ कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स, सेमीकंडक्टर, क्वांटम अशा नव्या विषयांत पुढचं शिक्षण घेण्यासाठी कोल्हापुरातली मुलं जी एसओपी, म्हणजे ‘मला हे का शिकायचंय’ सांगणारं अर्जासोबतचं निवेदन, लिहितात, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात या नाहीतर अशाच एखाद्या वाक्यानं होते. दुसऱ्या परिच्छेदात चालकाविना धावणारी गाडी येते, तिसऱ्यात शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचं लांबलचक नाव येतं आणि चौथ्यात ‘आपल्या नामांकित संस्थेत शिकणं हे माझं स्वप्न आहे’ असं म्हणून पत्र संपतं. संस्थेचं नाव तेवढं बदललं की तोच मजकूर पुढच्या अर्जाला चालतो. इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवत असल्यामुळे असे कागद माझ्यासमोर येत राहतात. ते वाचून मुलांचा राग येत नाही, वाईट वाटतं. कारण समोर बसलेला मुलगा किंवा मुलगी त्या कागदापेक्षा कितीतरी हुशार असते आणि निवड करणाऱ्यांपुढे मात्र फक्त तो कागद जातो.

माझं म्हणणं असं आहे की निवडक अभ्यासक्रमांना अर्ज कसा करायचा, हे शिकवणं आता महाविद्यालयांचं आणि विद्यापीठाचं काम आहे. आज ते काम आपण राजारामपुरीतल्या आणि शाहूपुरीतल्या, पैसे घेऊन अर्ज तयार करून देणाऱ्या कन्सल्टन्सींवर सोडून दिलं आहे. ज्याच्या बापाला पॅकेज परवडतं त्याचा अर्ज कसाबसा उभा राहतो. ज्याला परवडत नाही तो अर्ज करायच्या फंदातच पडत नाही. हा दुसरा मुलगा कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही, कारण नाकारले गेलेले मोजता येतात, अर्जच न केलेले मोजता येत नाहीत.

आपल्याकडे प्रवेश म्हटलं की डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: सीईटी, पर्सेंटाइल, कॅप राउंड, ऑप्शन फॉर्म. बारावीपर्यंत हे खरंही आहे. पण पुढच्या पायऱ्या वेगळ्या आहेत. आयआयटी हैदराबादनं 2019 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेची स्वतंत्र बी.टेक. सुरू केली, पदव्युत्तर प्रवेशाच्या गेट परीक्षेत 2024 पासून डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा वेगळा पेपर आला, केंद्र सरकारनं एप्रिल 2023 मध्ये 6003.65 कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. या सगळ्यातून जे अभ्यासक्रम उभे राहत आहेत, त्यांतले संशोधनाकडे झुकलेले बरेचसे फक्त गुण बघून थांबत नाहीत. आयआयटी मद्रासच्या एम.एस.साठी गेटनंतर लेखी चाचणी आणि मुलाखत असते. हैदराबादच्या ट्रिपल आयटीत बारावीनंतरच्या दुहेरी पदवीसाठीसुद्धा लेखी परीक्षेच्या पुढे मुलाखत आहे. परदेशात तर निवेदन, शिफारसपत्रं, आधी केलेलं काम यांच्याशिवाय पान हलत नाही.

असं का असतं, हे मुलांना कोणी सांगत नाही. जुन्या, स्थिरावलेल्या विषयात काय शिकायचं ते ठरलेलं असतं, म्हणून आधीचं किती येतं हे तपासलं की पुरतं. नव्या विषयात पुस्तकच अजून लिहिलं जात असतं. पहिल्या सत्रात शिकवलेली पद्धत चौथ्या सत्रापर्यंत मागे पडू शकते. तिथं निवड करणाऱ्याला हवा असतो प्रश्न हुडकणारा माणूस. दिलेलं गणित सोडवणारे त्याच्याकडे हजारोंनी येतात. हे गणित मांडायचं कसं, ते मुळात मांडण्याजोगं आहे का, याचा विचार करणारे फार थोडे येतात. एसओपी म्हणजे त्या थोड्यांना शोधायची चाळणी. आपली मुलं मात्र तिच्याकडे निबंधस्पर्धा म्हणून बघतात.

आणि गंमत नाही, दुःख आहे, की प्रश्नांच्या बाबतीत कोल्हापूर श्रीमंत आहे.

एका मुलाचं उदाहरण देतो. त्याचं नाव-गाव सांगत नाही. वडील शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग (कास्टिंग) घासून साफ करायच्या कामाला. एसओपीत त्यानं परदेशातल्या गाड्या आणि जगभर गाजलेली भाषा-मॉडेल्स यांच्याबद्दल दोन पानं लिहिली होती, त्यातलं एकही वाक्य त्याचं स्वतःचं नव्हतं. बोलता बोलता त्याला विचारलं, सुट्टीत काय करतोस? म्हणाला, वडिलांबरोबर जातो, तयार कास्टिंग तपासायला बसतो. मग तो जे बोलायला लागला ते मी ऐकतच राहिलो. पावसाळ्यात वाळूतला ओलावा हाताबाहेर जातो, मग साच्यात वाफ कोंडते आणि कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे वाफेची छिद्रं, पडतात, म्हणून जुलै-ऑगस्टात रिजेक्शन वाढतं. वाळूचा ओलावा तीन-चार टक्क्यांच्या आसपास राखावा लागतो, पण जुने मोल्डर मूठभर वाळू दाबून, तिचा गोळा मोडून बघतात आणि यंत्राच्या आधी सांगतात की आज वाळू बिघडलीय. बारीक ब्लो होल दिवसपाळीत एक तपासनीस ‘चालेल’ म्हणून सोडतो, रात्रपाळीतला दुसरा तोच माल बाजूला काढतो. त्यात कोण चूक असं सांगता येत नाही, उजेड वेगळा असतो, गिऱ्हाईक वेगळं असतं.

शेवटी तो सहज म्हणाला, “सर, कॅमेरा लावून तपासायचं म्हटलं तर शंभरातले सत्त्याण्णव पीस चांगलेच असतात. कॉम्प्युटर नुसतं ‘सगळे चांगले’ म्हणाला तरी सत्त्याण्णव टक्के बरोबर येईल. मग त्याला शिकवलं काय?”

मशीन लर्निंगचं पहिलं पुस्तक उघडलं तर त्यात हेच दोन प्रश्न येतात. एक, दोष दुर्मीळ असेल तर अचूकतेचा आकडा फसवा ठरतो. दोन, माणसांनी लावलेल्या खुणांवर यंत्र शिकतं, पण माणसांचंच एकमत नसेल तर यंत्रानं कुणाचं ऐकायचं? यावर जगभर संशोधन चालू आहे. या पोरानं ते कुठल्या कोर्समध्ये न शिकता, कानात ग्राइंडरचा आवाज आणि अंगावर काळी धूळ घेऊन हुडकलं होतं. आणि अर्जात यातला एक शब्द नव्हता. का लिहिलं नाहीस विचारलं तर म्हणाला, “हे काय लिहायचं सर, हे घरचंय.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा. पण दोष त्याचा नाही. बालवाडीपासून आपण त्याला शिकवत आलो की ज्ञान म्हणजे पुस्तकातलं, बापाच्या हातातलं ते नुसतं काम. कन्सल्टन्सीवाल्यानंही त्याला हेच सांगितलं असणार की प्रोफाइल ‘इंटरनॅशनल’ दिसली पाहिजे.

पंचगंगेचं उदाहरण तर प्रत्येकाच्या घरातलं आहे. पावसाळा लागला की शाळकरी पोरंसुद्धा विचारतात, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे? 39 फुटांना इशारा पातळी, 43 फुटांना धोका पातळी, हे आकडे इथं पाढ्यांसारखे पाठ असतात. 2019 आणि 2021 चा महापूर ज्यांनी बघितला त्यांना हेही ठाऊक आहे की गगनबावड्याला पाऊस किती झाला, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले आणि पाणी शहरात कधी येणार, याचा हिशोब लोक आपापल्या डोक्यात करत असतात. तो हिशोब डेटा घेऊन, कागदावर मांडून, कुठं चुकतो ते तपासून बघणारा विद्यार्थी जगातल्या कुठल्याही निवड समितीसमोर ताठ मानेनं उभा राहील. त्यासाठी त्याला महागडी यंत्रं लागत नाहीत. लागतो तो असा एक शिक्षक, जो म्हणेल की हा प्रश्न चांगला आहे, लिही.

इथं एक आक्षेप हमखास येतो आणि तो मी हलक्यानं घेत नाही. लोक म्हणतात, निबंध आणि मुलाखती आल्या की वशिला आला. परीक्षेत निदान पेपर तपासणाऱ्याला पोराची जात, आडनाव, बापाचा हुद्दा कळत नाही. हातकणंगल्याच्या शेतमजुराचा मुलगा आणि मुंबईच्या सचिवाचा मुलगा एकाच ओएमआर शीटवर, एकाच संगणकावर बसतात. हे खरं आहे. या देशात लेखी परीक्षेनं जेवढ्या गरिबांना वर काढलं तेवढं दुसऱ्या कशानं क्वचितच काढलं असेल, आणि ‘व्यक्तिमत्त्व’ बघून निवड करायच्या नावाखाली कुणाला बाहेर ठेवलं जातं हेही आपण बघितलं आहे. म्हणून परीक्षा काढून टाका असं मी म्हणत नाही आणि म्हणणारही नाही.

पण परीक्षेवर पैशाची छाप पडत नाही, हे म्हणणं आता टिकत नाही. कोटा, लातूर, पुणे या वाटांवर लाखांनी फी भरली जाते ती कशासाठी? आणि दुसरं, आपण इथं बसून नको म्हटलं म्हणून त्या संस्था निवेदन आणि मुलाखत थांबवणार नाहीत. खेळाचा हा भाग आहेच. मग तो कुणाला शिकवायचा आणि कुणाला अंधारात ठेवायचं, एवढंच आपल्या हातात उरतं. वशिल्याची खरी भीती असेल तर उपाय हाच की अर्जाची विद्या सगळ्यांना उघडपणे मिळावी. चार घरांत ती कोंडून राहिली की वशिल्यासारखंच काम करते.

आता शिफारसपत्रांबद्दल, कारण या बाबतीत शिक्षक म्हणून माझी जमात जबाबदार आहे. जिल्ह्यातल्या कितीतरी महाविद्यालयांत या पत्रांची, म्हणजे एलओआरची, रीत अशी आहे: विद्यार्थी मागायला येतो, सर म्हणतात, “तूच ड्राफ्ट करून आण, मी सही करतो.” विद्यार्थी मित्राकडून नमुना आणतो, हल्ली चॅटबॉटकडून लिहून घेतो. मग एकाच वर्गातल्या दहा जणांच्या पत्रांत ‘कष्टाळू, प्रामाणिक आणि संघभावना असलेला’ हीच तीन विशेषणं त्याच क्रमानं जातात. वाचणाऱ्याला ते तत्काळ कळतं. अशा पत्रानं मुलाचा नुसता फायदा होत नाही असं नाही, त्याचं नुकसान होतं, कारण त्यातून निघणारा अर्थ हा की याला चार वर्षांत एकाही शिक्षकानं नीट ओळखलं नाही.

आणि ते बऱ्याचदा खरंच असतं. सत्तर-ऐंशींचा वर्ग, अपुरे प्राध्यापक, तासिका तत्त्वावर तुटपुंज्या पैशांत राबणारे तरुण शिक्षक, नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली. या कैचीत सापडलेल्या माणसाकडून पत्राची अपेक्षा करणं सोपं नाही, हे मला कळतं. प्रोजेक्टचं तर बोलायलाच नको. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्टसकट तयार विकत मिळतो हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, घेणारे कानावर हात ठेवतात. विकतच्या प्रोजेक्टवर लिहिलेली एसओपी पोकळ निघणार, यात नवल नाही. मुलाखतीत ‘हाच अल्गोरिदम का निवडलास?’ असा साधा प्रश्न आला की मुलगा गप्प होतो. त्या शांततेची सुरुवात आपल्या व्हायव्हात झालेली असते.

एका गोष्टीची मात्र सबब चालणार नाही. हे कोल्हापूर आहे. इथं राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली. खेड्यातला हुशार पोरगा शाळेपर्यंत का पोचत नाही, हे त्यांनी नीट पाहिलं होतं. शाळा होती, पण शहरात राहायला जागा नव्हती, जेवणाची सोय नव्हती, ओळखीचं माणूस नव्हतं. त्यांनी ती नेमकी अडचण हेरली. 1902 चा पन्नास टक्के राखीव जागांचा जाहीरनामा आणि 1917 चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय आपण भाषणांत सांगतो. दसरा चौकाच्या परिसरात उभ्या असलेल्या त्या बोर्डिंगांवरून रोज जातो. मग आजची नेमकी अडचण कोणती, हे विचारायला नको का?

ती अडचण बघायची तर महाराजांच्याच नावाच्या एका योजनेकडे बघावं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशात शिकता यावं म्हणून राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पैशाचा मोठा प्रश्न ती सोडवते. पण तिची अट अशी की जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असलेल्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं पत्र आधी हातात पाहिजे. म्हणजे सरकारी पैसा तयार आहे आणि त्याच्यापर्यंत जायच्या वाटेवर एसओपी, एलओआर, इंग्रजीची परीक्षा आणि अर्जाची फी उभी आहे. एकट्या आयईएलटीएसचीच फी अठरा हजारांच्या घरात जाते. ज्याच्यासाठी योजना काढली तोच या टप्प्यावर गळतो. युरोपातल्या इरास्मस मुंडस शिष्यवृत्तीत फी माफ होऊन वर महिना 1400 युरो मिळतात, हे आजऱ्याच्या, गारगोटीच्या, राधानगरीच्या किती मुलांना तिसऱ्या वर्षापर्यंत कळतं?

मुलींच्या बाबतीत गळती आणखी एक पायरी आधीच होते. आयआयटींनी 2018 पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा काढल्या, त्याचा उपयोग झाला. पण इथल्या घराघरांत ‘पुण्यापर्यंत ठीक आहे’ ही रेघ अजून पक्की आहे. वर्गातली सगळ्यात चांगली मुलगी बंगळुरूचा किंवा मद्रासचा फॉर्म भरत नाही, कारण मिळालं तर घरी भांडण होईल. तिच्या आईवडिलांशी बोलायचं काम कुठलीही कन्सल्टन्सी करणार नाही. तिथं ओळखीचा शिक्षकच लागतो, किंवा त्याच गल्लीतली, आधी जाऊन आलेली एखादी ताई.

शिवाजी विद्यापीठाची संलग्न महाविद्यालयं कोल्हापूर, सांगली आणि सातारा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेली आहेत. त्यांना विद्यापीठ हे काम लावू शकतं. माझ्या डोक्यात कुठली मोठी इमारत नाही. दुसऱ्या वर्षापासून ‘प्रश्न शोधणं आणि मांडणं’ याला श्रेयांक द्यावेत, विकतचा प्रोजेक्ट पकडला तर तो नापास करण्याचं धाडस दाखवावं, आणि जी मुलं अशा संस्थांत पोचली आहेत त्यांचे खरे अर्ज, त्यांच्या परवानगीनं, सगळ्यांना वाचायला ठेवावेत. यश मिळालेले आणि नाकारले गेलेले दोन्ही. एक चांगलं एसओपी वाचल्यावर मुलाला जे कळतं ते दहा मार्गदर्शन शिबिरांतून कळत नाही. उद्योजकांच्या संघटनांनाही यात वाटा उचलता येईल. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांत रिजेक्शनची रजिस्टरं वर्षानुवर्षं पडून आहेत. गिऱ्हाइकाचं नाव झाकून ती विद्यार्थ्यांना दिली तर कारखान्याला उत्तर मिळेल आणि मुलाला अर्जात लिहिण्याजोगं खरं काम मिळेल.

निवड करणाऱ्या संस्थांकडेही माझं मागणं आहे. जेईई मेन 2021 पासून मराठीतही देता येते, तरी अॅडव्हान्स्ड अजून फक्त इंग्रजी आणि हिंदीत आहे, आणि निवेदन तर सरसकट इंग्रजीत मागतात. संशोधनाला इंग्रजी लागतं हे मान्य, ते दोन वर्षांत शिकवता येतं. पण निवडीच्या वेळी विचार तपासायचा असेल तर तो मुलाच्या भाषेत का तपासू नये? मद्रासच्या आयआयटीनं 2020 मध्ये सुरू केलेल्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन पदवीत एक चांगली वाट काढली आहे. जेईईची अट नाही. आधी चार आठवडे शिकवतात, मग त्यावर पात्रता परीक्षा घेतात, जो पार करेल तो आत. आधी कुणी किती क्लास लावले होते यापेक्षा शिकवल्यावर कोण किती शिकतो हे त्यात दिसतं. कमी उत्पन्नाच्या घरांना फीत मोठी सवलतही आहे. याच धर्तीवर संशोधनाच्या अभ्यासक्रमांनी महिनाभराचा वर्ग घ्यावा, शेवटी मुलांना आपापल्या गावचा एक प्रश्न मांडायला लावावा आणि त्यावर बोलतं करावं. फेटलिंगवाल्याचा तो मुलगा अशा वर्गात कुणालाही हार जाणार नाही.

यातलं बरंच काही वरून निर्णय व्हायची वाट बघेल. पण वेळापत्रक वाट बघत नाही. गेटचे अर्ज साधारण ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतात, परदेशातल्या बऱ्याच मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या पहिल्या सत्रात जाग आलेल्या मुलाच्या हातात दाखवायला काहीच नसतं. म्हणून माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे की दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला या दिवाळीच्या सुट्टीत एकच काम द्यावं. घरात, शेतावर, कारखान्यात, दुकानात जे काम चालतं तिथं चार दिवस बसायचं, कुठला निर्णय माणूस अंदाजानं घेतो ते बघायचं आणि त्यावर एक पान लिहून आणायचं, मराठीत. सुट्टी संपल्यावर शिक्षकानं ते वाचून, समासात प्रश्न लिहून परत द्यावं. दोन वर्षांनी शिफारसपत्र मागायला तोच मुलगा आला, की ते पान काढून समोर ठेवावं आणि पत्र स्वतः लिहावं.